डिंक आधी पाण्यात टाकून बघा

थंडी पडली की आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी मला गाठतंच: "मॅडम, डिंक तुपात टाकला तर फुललाच नाही, खराब निघाला का हो?" पुडी उघडून बघावी तर आत बहुधा कतिरा. तो तळायचा डिंकच नाही, सरबतात घालायचा.

मी फार्मसी कॉलेजात प्रॅक्टिकल घेते, त्यामुळे डिंक रोज हाताखालून जातो. ठाण्यात जांभळी नाक्याला जा नाहीतर वाशीच्या मसाला मार्केटला, 'खायचा डिंक' या एका नावाखाली बाभळीचा, धावड्याचा किंवा दोन्हींची सरमिसळ मिळते. नावावर जाऊ नका. पन्नास-शंभर ग्रॅमच आणा आणि रात्री परीक्षा घ्या.

छोटा चमचाभर डिंक पेलाभर गार पाण्यात टाकायचा, दोन-तीनदा ढवळायचा आणि सकाळपर्यंत ठेवायचा. बाभळीचा असेल तर सगळा विरघळतो. पाणी किंचित पिवळसर, बोटांना चिकट, आणि तळाशी सालीचे कण किंवा रेती. हे कण किती आहेत त्यावरून माल किती साफ आहे तेही कळतं. धावड्याचा बराचसा विरघळतो, पाणी जास्त दाट होतं आणि थोडा गाळ फुगून राहतो. कतिरा मात्र विरघळत नाही, तो फुगतो: सकाळी अर्धा पेला पारदर्शक, लिबलिबीत जेलीने भरलेला. मूळचा कतिरा इराणकडच्या काटेरी झुडपांचा; आपल्याकडे त्या नावाने गणेरीचा किंवा कांडोळाचा डिंक येतो. कांडोळाच्या जुन्या डिंकाला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो. आणि खडा विरघळलाही नाही, फुगलाही नाही, पण गरम केल्यावर मऊ होऊन वास सुटला, तर ती राळ. ती पोटात घ्यायची नाही.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पांढऱ्या, गुळगुळीत, साल सुटणाऱ्या खोडाचं कांडोळाचं झाड दिसलं तर डिंकासाठी कोयता लावू नका. जंगल संरक्षित आहे हे तर झालंच, पण खोल घाव बसले की हे झाड वाळतं. कितीतरी भागांत याच कारणाने ते कमी झालं आहे.

आता तळण. बाभळीच्या खड्यात साधारण दहा-पंधरा टक्के पाणी असतं. तूप तापलं की त्याची वाफ होते आणि मऊ झालेला डिंक आतून फुलतो. त्यामुळे आच फार महत्त्वाची. तूप कडकडीत तापवलं तर बाहेरून कवच धरतं आणि आत खडा तसाच राहतो. कोमट असेल तर डिंक नुसता तूप पितो. मोठे खडे आधी खलबत्त्यात ठेचून ज्वारीच्या दाण्याएवढे करा. आपल्याकडच्या दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात, म्हणून आदल्या दिवशी ऊन दाखवा. मध्यम आचेवर तूप तापवून एक खडा टाका. तो लगेच वर येऊन फुलला की मूठमूठभर घाला, एकदम सगळा नको. काढल्यावर एक दाणा चिमटीत दाबा. त्याचा भुगा झाला पाहिजे. मध्ये कण लागला तर तो लाडवात दाताला चिकटणार म्हणून समजा. पुढची लाडवाची कृती ज्याच्या त्याच्या घरची. त्यात मी पडत नाही. एवढं नक्की सांगते, की डिंक म्हणजे मुख्यतः विरघळणारा तंतू. बाळंतिणीला ताकद मिळते ती तूप, खारीक, खोबरं आणि गुळाची.

औषधात डिंकाचं मोठं काम म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणं. एरंडेलाचं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, आम्ही मुलांना खलात करायला लावतो: तेल चार भाग, पाणी दोन, बाभळीच्या डिंकाची पूड एक. आधी तेलात पूड घोटायची, मग पाणी एकदम ओतायचं आणि हात न थांबवता एकाच दिशेने घोटायचं. दोन-तीन मिनिटांत मिश्रण पांढरं होतं आणि बत्त्याखाली चटचट आवाज येतो. तो आला की इमल्शन जमलं. संत्र्याच्या स्वादाच्या शीतपेयात तेल वर तरंगत नाही त्यामागे अनेकदा बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा डिंक असतो. लेबलवर त्याचा आयएनएस (खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) 414 शोधा. 412 म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, आइस्क्रीम आणि सॉसमधला. तो घरी वापरायचा असेल तर आधी कोरड्या साखरेत मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात. पाकिटातल्या हिंगातही डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गहू चालत नसलेल्यांनी लेबल वाचायलाच हवं.

केसांसाठी कतिरा उत्तम. छोटा चमचा कतिरा दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्या आणि ओलसर केसांना थोडासाच लावा. जास्त लावला तर वाळून पांढरी पापडी सुटते. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. कोरडा डिंक घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्‌महिने राहतो. भिजवलेला फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यानंतर बुरशी धरतो.

कतिरा आणि गवार गम कोरडे कधीही गिळू नका. घशात फुगून अडकतात. पूर्ण भिजवूनच आणि वर भरपूर पाणी पिऊन घ्या. रोजच्या गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा, कारण हे डिंक औषध शोषलं जाणं लांबवू शकतात. मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.