मराठीतून शोधप्रबंध लिहिताना

पदव्युत्तर स्तरावरचा प्रबंध रखडतो तो बहुतेक वेळा सामग्री अपुरी पडते म्हणून नव्हे, तर सगळी सामग्री हाती आल्यावरच लिहायला बसू असे विद्यार्थ्याने मनाशी ठरवलेले असते म्हणून. सगळी सामग्री कधीच हाती येत नाही. त्यामुळे कोठे थांबायचे हे विषय निश्चित करतानाच ठरवावे. ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके’ हा विषय नव्हे, ते क्षेत्र आहे. १८३२ च्या ‘दर्पण’पासून १८८१ च्या ‘केसरी’पर्यंतचा पट एम.ए.च्या लघुशोधप्रबंधात मावणारा नाही. त्याऐवजी १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’च्या पहिल्या दहा वर्षांतील कादंबरीलेखन एवढेच घेतले, तर कोणते अंक मिळवायचे आणि कोणते सोडून द्यायचे याची यादी पहिल्याच आठवड्यात करता येते.

खरे काम टिपणांत असते. प्रत्येक टिपणावर ग्रंथ किंवा अंक, वर्ष, पृष्ठ आणि तो ज्या ग्रंथालयात पाहिला त्याचे नाव लिहावे. मूळ लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले मत वेगळ्या शाईने लिहावे. हा खटाटोप सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, पण सहा महिन्यांनी वही उघडल्यावर एखादे चपखल वाक्य आपले की दुसऱ्याचे हेच आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणे लबाडीतून नव्हे, अशा गबाळेपणातून घडतात असे माझे मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची मात्र या मोजणीत धरली जात नाहीत. जुन्या छापील मजकुरावर पुष्कळदा फक्त शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो खरा, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना बहुधा ७९ मिळवावे लागतात, म्हणून महिना टिपल्याशिवाय वर्ष लिहू नये.

लेखनाचा आरंभ प्रस्तावनेपासून करू नये. ज्या प्रकरणाची सामग्री सर्वांत भरीव आहे ते आधी लिहावे, मग ते तिसरे असो वा चौथे. प्रस्तावना आणि निष्कर्ष शेवटी, एकमेकांसमोर ठेवून लिहावेत, म्हणजे आरंभी मांडलेल्या प्रत्येक प्रश्नाला अखेरीस उत्तर मिळाले की नाही हे ताडून पाहता येते. मार्गदर्शकांकडे पूर्ण प्रबंधाचा गठ्ठा एकदम नेण्यापेक्षा एकेक प्रकरण न्यावे आणि भेटीनंतर त्यांनी सुचवलेले बदल त्याच दिवशी लिहून काढावेत. ‘सर, पुढच्या महिन्यात दाखवतो’ हे वाक्य दोनदा उच्चारले गेले की प्रकरण अडले आहे असे खुशाल समजावे आणि अर्धवट असले तरी तसेच दाखवावे.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर नंतर रूपांतरित करताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीला तो मजकूर नीट वाचता येईलच असे नाही. संदर्भसूची संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतल्यास ती एकदा हातानेही तपासावी, कारण आपल्या वर्णमालेत शेवटी येणारे क्ष आणि ज्ञ संगणक अनुक्रमे क आणि ज खाली घालतो. पीएच.डी.चा प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात जातो, तेथे तो कोणालाही वाचता येतो. म्हणून अंतिम पीडीएफ करताना फॉन्ट आतच समाविष्ट केला आहे ना, हे दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून पाहावे.