मूर्तीआधी थडगं वाचा
पश्चिम मेक्सिकोतल्या प्राचीन मातीच्या मूर्ती, विशेषतः कोलिमाचे गुबगुबीत कुत्रे, संग्रहालयात दिसले की मी आधी पाटी वाचते: नेमकं सापडलं कुठे? बहुतेकदा नुसतं राज्याचं नाव, 'हालिस्को' किंवा 'कोलिमा', लिहिलेलं असतं, कारण या मूर्ती ज्यांत पुरलेल्या होत्या ती विहिरीसारखी खोल खणलेली थडगी चोरांनी उपसून नेली. फार वाईट वाटतं. अशा मूर्तीला लगेच 'शामन', म्हणजे आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक, ठरवू नका. तुलनेला हालिस्कोतल्या उइत्झिलापा इथलं थडगं घ्या. १९९३ मध्ये ते न लुटलेलं हाती लागलं: दोन दालनं, सहा माणसं. म्हणून कोणती मूर्ती कोणाच्या देहाजवळ होती, सोबत शंख होते की भांडी, हे नोंदता आलं. हाडांवरून तर त्यांच्यातलं नातंही तपासता आलं. मूर्तीचा चेहरा सगळ्यात शेवटी बघा.