सळ्यांचं वजन चौपट कसं आलं?

घराच्या स्लॅबसाठी १२ मिमीच्या ४० सळ्या आल्या, प्रत्येकी १२ मीटर लांब. काट्याच्या पावतीवर ४२२ किलो. माझा हिशेब मात्र १,७०० किलोंच्या वर! दुकानदाराला फोन लावणारच होतो, पण म्हटलं आधी आपलंच गणित तपासू. (बरं झालं.)

पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. घनता गुणिले आकारमान म्हणजे वस्तुमान, एवढं शाळेतलं आठवत होतं. घोळ आकारमानात होता. गोल छेदाचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येच्या जागी मी आख्खा व्यास घातला होता. व्यास दुप्पट, त्याचा वर्ग चौपट, म्हणून वजनही चौपट.

१२ मिमी म्हणजे त्रिज्या ०.००६ मीटर. तिचा वर्ग गुणिले ३.१४१६ म्हणजे ०.०००११३१ चौरस मीटर. त्याला ७,८५० ने गुणलं की मीटरला ०.८८८ किलो. एकूण ४८० मीटरचे साधारण ४२६ किलो. चार किलोंचा फरक एक टक्क्याच्या आतबाहेरचा. या जाडीला मानकात पाच टक्के सूट असते.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले. ‘‘साहेब, व्यासाचा वर्ग भागिले १६२, झालं मीटरचं वजन.’’ १४४ भागिले १६२, ०.८८९. त्या १६२ मध्ये घनता आधीच मुरलेली आहे, म्हणून तो आकडा फक्त पोलादाच्या गोल सळीलाच चालतो.