मॉलच्या ब्रँडची पाकिटं पारखताना या चुका टाळा

तूरडाळ शिजली नाही की दोष पाकिटाला, चहा फिका झाला की दोष पाकिटाला, भाकरीला चिरा पडल्या की तोही पाकिटालाच. डी-मार्टचा ‘प्रीमिया’, रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, बिगबास्केटचा ‘बीबी रॉयल’ असे दुकानांचे स्वतःचे ब्रँड आता सोलापुरातल्या घरोघरी परिचयाचे झाले आहेत. त्यांच्याबद्दल ठाम मतंही ऐकू येतात: एकीला भारी वाटलेली डाळ दुसरीला भिकार वाटते. बऱ्याचदा दोघींनी माल पारखलेलाच नसतो. एकीने आपलं पाणी पारखलेलं असतं आणि दुसरीने आपला कुकर.

पाण्याकडे दुर्लक्ष

सोलापुरात सर्वांत जास्त निकाल इथे चुकतात, म्हणून आधी हेच. शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परगा इथून पाणी येतं, पण नळ रोज येत नाही. मग साठवलेलं पाणी, बोअरचं पाणी, आरओचं पाणी, जे हाताशी असेल ते डाळीत पडतं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं. दाणा मग फुगतो, पण फुटत नाही. अशा पाण्यात उत्तम डाळही गोटा राहते आणि नाव खराब होतं ब्रँडचं.

दोन डाळींची तुलना करायची तर दोन्हींना एकाच भांड्यातलं पाणी घ्या. शक्य असेल तर आरओच्या पाण्यात एकदा आणि रोजच्या पाण्यात एकदा असं दोनदा शिजवा. आरओत दोन्ही शिजल्या आणि बोअरच्या पाण्यात दोन्ही अडल्या, तर दोष पाण्याचा. बोअरच्या पाण्यात एकच अडली तर त्या पाकिटातली डाळ जुनी असण्याची शक्यता मोठी. उष्णतेत आणि दमटपणात महिनोन्‌महिने पडून राहिलेली डाळ कडक होते, ती कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ होत नाही.

शिट्ट्या मोजणं हीसुद्धा चूकच. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या झटक्यात होतात, बारीक असेल तर त्यालाच पाऊण तास लागेल. कुकरचे दोन सारखे डबे घ्या. प्रत्येकात १०० ग्रॅम डाळ घ्या, दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि वरून २५० मिली पाणी घालून अर्धा तास भिजवा. मग दोन्ही डबे एकाच कुकरमध्ये ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून १२ मिनिटं, आणि नंतर वाफ आपोआप जिरू द्या. एकाच कुकरमध्ये असल्याने वाफ, दाब आणि वेळ यांचा फरक उरत नाही. डबे एकावर एक असतील तर पुढच्या वेळी खालचा वर आणि वरचा खाली करा.

डब्यात हळद, मीठ, टोमॅटो, चिंच काही नको. हळदीने रंग झाकतो आणि आंबटाने डाळ शिजायची थांबते. चिमूटभर सोड्याचा मोहही टाळा, कारण सोडा घातला की जुनी डाळही नव्यासारखी गळते. शिजल्यावर दोन्ही डबे रवीने सारख्याच वेळा घुसळा आणि चाळणीतून ओता. चाळणीत किती अख्खे दाणे राहिले, हा खरा निकाल.

कच्ची डाळही बघून ठेवा. पांढऱ्या ताटलीत पसरून तुकडा, साल, खडे आणि भोकं पडलेले दाणे वेगळे करा आणि वजन करून लिहा. फार चकचकीत दिसणारी डाळ बहुधा तेल-पाण्याने पॉलिश केलेली असते. चकाकीचा चवीशी काही संबंध नाही, पण चकाकीवर पैसे मोजणारे पुष्कळ.

डोळ्यांनी चव घेणं

एका वाटीला ओळखीचं नाव आणि दुसरीला मॉलचं नाव, असं समोर ठेवून चव घेतली तर जीभ आधी नाव वाचते. यावर घरी करता येणारा उपाय म्हणजे तीन वाट्यांची परीक्षा. तीन सारख्या वाट्या घ्या. दोन वाट्यांत एक माल, तिसरीत दुसरा. वाटीच्या तळाला खूण करा. ती खूण करणारी व्यक्ती चव घेणाऱ्याला दिसू नये, बोलूही नये. जाऊबाई खूण करणार असतील तर त्यांनी हसू आवरावं. चव घेणाऱ्याने वेगळी वाटी कोणती ते सांगायचं. मग क्रम बदलून पुन्हा.

नुसत्या अंदाजाने तीनातली एक वाटी एकतृतीयांश वेळा बरोबर निघतेच. म्हणून एकदा बरोबर आलं यावर काही ठरत नाही. सहा वेळांपैकी पाच वेळा बरोबर ओळखलं, तर फरक खरा मानायला हरकत नाही. केवळ नशिबाने तसं होण्याची शक्यता १०० मध्ये दोनापेक्षा कमी. त्याहून कमी वेळा ओळखता आलं तर दोन मालांत तुमच्या जिभेला कळणारा फरक नाही आणि स्वस्त तो घ्यावा. चवीत फरक आहे हे सिद्ध झाल्यावरच ‘कोणता आवडला’ हा प्रश्न येतो. बहुतेक लोक तो आधी विचारतात.

एका वाटीनंतर दुसरी चाखण्याआधी कोमट पाणी प्या आणि थोडे कोरडे चुरमुरे खा. दोन्ही वाट्या सारख्याच गरम हव्यात. गार वरणाची आणि गरम वरणाची चव सारखी लागत नाही. आणि कडक भाकरी-ठेच्यावर ताव मारून लगेच चव घ्यायला बसू नका. तिखटाने जीभ बधिर झाली की सगळे ब्रँड सारखेच.

चहाला घरच्या सवयीने मापणं

चहात दूध, साखर, आलं घातलं की ब्रँडचा फरक जवळपास संपतो. चहा चाखणाऱ्यांसाठी आयएसओ ३१०३ नावाचं प्रमाण आहे: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी ओतून झाकून सहा मिनिटं. घरी एवढं पुरे. आधी तसाच कोरा चहा प्या आणि नंतर दोन्हींत सारखं दूध घालून बघा. भुकटी चहा आणि पत्ती चहा यांची तुलना लावू नका. भुकटी लवकर आणि गडद उतरते, म्हणून ती ‘कडक’ वाटते. वर तपकिरी तवंग आला तर चहाला नावं ठेवू नका, जड पाण्यात बहुतेक चहांना तो येतो.

ताज्या दळणाशी पाकिटाची बरोबरी

गिरणीतून आजच आलेलं ज्वारीचं पीठ आणि दोन महिन्यांपूर्वी भरलेलं पाकीट यांची तुलना म्हणजे ब्रँडची तुलना नाही, वयाची आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. भाकरी एकत्र राहते ती गरम पाण्याने पिठातलं स्टार्च चिकट होतं म्हणून. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडेला चिरा पडतात, आणि पिठातली चरबी हवेत खराब होऊन कडसर वास येतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही प्रक्रिया आणखी वेगाने होते.

पाकीट पाकिटाशीच ताडून बघा आणि पॅकिंगच्या तारखा जवळच्या निवडा. १०० ग्रॅम पिठाला साधारण ८० ते १०० मिली पाणी लागतं. त्यातलं निम्मं उकळतं घाला, चमच्याने कालवा, मग उरलेलं लागेल तसं घालत तळहाताने मळा. किती पाणी लागलं ते लिहून ठेवा. भाकरी एकाच हाताने थापलेली हवी, कारण थापणारा बदलला की निकालही बदलतो.

पाकिटावर नुसतं ‘ज्वारी’ लिहिलेलं असेल तर ती मालदांडी आहे असं गृहीत धरू नका. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे आणि तसा माल विकणारा ते नाव पाकिटावर छापल्याशिवाय राहणार नाही.

शेंगदाण्याचंही असंच. शेंगा चटणीसाठी दाणे घेताना आधी पाच-सहा कच्चे दाणे चावून बघा. कुबट, कडू किंवा बुरशी लागलेला दाणा भाजल्यावर झाकला जातो, पण नाहीसा होत नाही. तयार चटणीचं पाकीट असेल तर घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे शेंगदाणा पहिला नसेल तर ती शेंगा चटणी नावापुरतीच. वर तेल सुटलेलं दिसलं तर तो दोष समजू नका. कुटलेल्या चटणीला ते सुटतंच.

पाटी न वाचता किंमत ठरवणं

एमआरपी एमआरपीशी ताडणं सोपं, पण त्यात फसवणूक होते. १०८ रुपयांचं ९०० ग्रॅमचं पाकीट ११५ रुपयांच्या एक किलोपेक्षा स्वस्त दिसतं. हिशोब केला तर पहिलं किलोला १२० रुपयांना पडतं. यासाठी पाकिटावर युनिट सेल प्राइस छापलेली असते: एक किलोपेक्षा कमी माल असेल तर ग्रॅमला, जास्त असेल तर किलोला. तीही एमआरपीवरून काढलेली असते. मॉलमध्ये सवलतीचा भाव वेगळा असेल तर बिलाच्या रकमेवरून पुन्हा हिशोब करा.

तेलात सर्वांत जास्त गोंधळ होतो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. ८५० ग्रॅमची पिशवी दिसायला लिटरसारखीच असते. १४० रुपयांची ८५० ग्रॅमची पिशवी किलोला सुमारे १६५ रुपयांना पडते आणि १४८ रुपयांची एक लिटरची सुमारे १६३ ला. म्हणून करडई असो की शेंगदाणा, तेल नेहमी ग्रॅममध्ये ताडा. नाव वाचतानाही सावध राहा: ‘ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ असं लिहिलं असेल तर ते मिश्रण आहे. त्यात कोणतं तेल किती टक्के हे पाकिटावरच असतं.

मंगळवार पेठेतल्या सुट्या डाळीशी पाकिटातल्या डाळीची तुलना करताना एक फरक विसरला जातो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आधीच भरलेल्या, लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्यावर नाही. म्हणजे सुटी डाळ पाच टक्क्यांनी स्वस्त मिळाली तर ती दुकानदाराची कृपा नव्हे.

वजन कमी भरलं म्हणून लगेच आरडाओरडा करू नका. एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमात बसते. ९८८ ग्रॅम भरलेलं एक पाकीट म्हणजे फसवणूक नव्हे. पण एकाच बॅचची चार-पाच पाकिटं सलग कमी भरली, तर ती तक्रारीची बाब. त्यासाठी काटा आधी तपासून घ्या.

ब्रँड एक, कारखाने अनेक

सर्वांत महागात पडणारी चूक ही: एक पाकीट घेतलं आणि ब्रँडबद्दल निकाल दिला. दुकानाचा ब्रँड म्हणजे दुकानाचा कारखाना असतोच असं नाही. ‘मार्केटेड बाय’ दुकानाचं नाव असतं आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ किंवा ‘पॅक्ड बाय’ पुढे वेगळाच पत्ता. तीच डाळ या महिन्यात एका गावच्या मिलची, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावची असू शकते. म्हणून परीक्षणात बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि भरणाऱ्याचा पत्ता लिहाच. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांकही टिपून घ्या. पहिला अंक १ म्हणजे परवाना, २ म्हणजे नुसती नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५, आणि ०० असतील तर केंद्राचा परवाना. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे की नाही तेही कळतं. पाकिटावर एकाहून जास्त क्रमांक असतील तर भरणाऱ्याचा कोणता ते बघा.

‘हा त्या मोठ्या ब्रँडच्याच कारखान्यात बनतो, म्हणजे आतला माल तोच’ हे वाक्य परीक्षणांतून हद्दपार झालं पाहिजे. एकाच कारखान्यात दोन गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळ्या प्रतीची डाळ, वेगवेगळ्या प्रमाणातला मसाला आणि वेगळं तेल वापरता येतं. पत्ता सारखा निघाला तर एवढंच म्हणता येईल की पत्ता सारखा आहे.

दोन वेगळ्या बॅचची पाकिटं घेऊन बघा, शक्यतो दोन वेगळ्या महिन्यांत. तुपासारख्या वस्तूला ऋतूही लागतो. मे महिन्यात तूप पातळ होणारच, आणि रवाळपणा ते किती सावकाश गार झालं यावर ठरतो. उन्हाळ्यात तूप पारखायचं असेल तर पूर्ण वितळवून थंड जागी रात्रभर ठेवा आणि मग बघा.

तिखटाच्या रंगाची शंका असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर भुरभुरा. कृत्रिम रंग असेल तर लगेच रंगाच्या रेघा खाली उतरतात. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ही एफएसएसएआयने सांगितलेली घरगुती चाचणी आहे, पण ती संशयापुरती. प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. रेघा दिसल्या तर परीक्षणात लिहिण्याआधी त्याच बॅचचं न फोडलेलं दुसरं पाकीट जपून ठेवा, बिलासकट. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.