सोलापुरातून पहिली नोकरी: पुण्यात खोली घेण्याआधी करायची कामं

शेवटचा पेपर झाला की बॅग भरायची, पुण्यात मित्राच्या खोलीवर कॉट बेसिसवर राहायचं आणि तिथे गेल्यावर नोकरी शोधायला लागायचं, असा इथल्या कितीतरी पदवीधरांचा बेत असतो. हा क्रम उलटा करा. भाडं, डिपॉझिट आणि मेसचा खर्च एकदा सुरू झाला की दोन-तीन महिन्यांत हात आखडतो आणि समोर येईल ती नोकरी धरावी लागते. अर्ज, फोनवरची पहिली फेरी, ऑनलाइन चाचणी हे सगळं सोलापुरात घरी बसून होतं. प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलंच, तर दुपारची वेळ मागून घ्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं.

शेवटचं सत्र सुरू झालं की पहिल्यांदा कागद तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच नाही, असा घोळ सर्रास दिसतो. तो नेमका रुजू होताना, पीएफ खातं आणि बँक खातं उघडायच्या वेळी नडतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग समोर ठेवून एकदाच नीट दुरुस्ती करा. सीजीपीएचे (सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी) टक्के करताना आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा. ९.५ ने गुणायची पद्धत सीबीएसईच्या दहावीची होती, ती डोळे झाकून इथे लावली तर कंपनीच्या पडताळणीत आकडा जुळेलच असं नाही. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्तानंतर मिळतं, त्यामुळे निकाल लागताच तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेवा.

आता रेझ्युमे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जन्मतारीख, धर्म, वडिलांचा व्यवसाय हे लग्नाच्या बायोडाट्यात शोभतं, इथे नको. एकच पान, एकच रकाना, साधा फॉन्ट, पीडीएफ. दोन रकाने, तक्ते आणि टक्क्यांच्या रंगीत पट्ट्या टाळा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत त्याला मजकूर उलटसुलट दिसतो. फाइलला नाव, आडनाव आणि पदाचं नाव द्या, ‘न्यू फायनल २’ नको.

मजकुरात मुलं स्वतःचंच काम लपवतात. समजा, सुट्टीत काकांच्या गणवेशाच्या कारखान्यात बसलात आणि रेझ्युमेत लिहिलंत, ‘घरच्या व्यवसायात मदत केली.’ वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: ‘शालेय गणवेशाच्या युनिटमध्ये एप्रिल ते जून साइझनुसार मालाची रोजची नोंद एक्सेलमध्ये ठेवली, कमी पडणाऱ्या साइझची यादी दररोज संध्याकाळी कटिंग विभागाला दिली.’ काय केलं, कशात केलं, कोणाच्या उपयोगी पडलं, हे तिन्ही आलं पाहिजे. किती साइझ, किती नग हे आठवत असेल तर आकडाही टाका. मात्र फुगवू नका, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

भाषांच्या ओळीकडे सोलापूरच्या मुलांनी विशेष लक्ष द्यावं. घरी तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी आणि हिंदी, हे इथे नेहमीचं आहे, म्हणून कोणी लिहीतच नाही. कर्नाटक-तेलंगणात माल विकणाऱ्या किंवा तिथल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कंपनीला नेमकं हेच हवं असतं. बोलता, वाचता, लिहिता येतं का, हे वेगवेगळं नोंदवा. तेलुगू फर्डी बोलणाऱ्या पुष्कळांना लिपी वाचता येत नाही, तसं असेल तर स्पष्ट लिहा.

अर्ज फक्त आयटीत करू नका. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, टॉवेल-चादरीचे निर्यातदार, जिल्ह्यातले साखर कारखाने, सीएंची कार्यालयं यांना लेखा, गुणवत्ता तपासणी, डिस्पॅचला माणसं लागतात. यातल्या बऱ्याच जागांची जाहिरात येतच नाही. रेझ्युमेची प्रत घेऊन दुपारच्या सुट्टीनंतर जा आणि एचआर किंवा मॅनेजरना भेटा. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवरही नोंदणी करा. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही तिथे साधारण एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी मिळू शकते. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर रोजगार मेळाव्यांची माहिती येते. मेळाव्याला जाताना रेझ्युमेच्या दहा-पंधरा प्रती जवळ ठेवा.

ऑफर आली की आकड्याने हुरळू नका. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ३ लाख असेल तर महिना २५,००० दिसतात. मूळ वेतन १२,५०० धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळायच्या रकमेची तरतूद) सुमारे ६००, तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात २१,२०० च्या आसपास पडतात. या पगारावर महिलांना व्यवसाय कर लागत नाही, त्यांचे २०० वाचतात. विमा किंवा कामगिरीवरची रक्कम सीटीसीत धरली असेल, तर आकडा आणखी उतरतो. म्हणून फोनवरच विचारा, ‘दरमहा खात्यात किती जमा होतील?’ पुण्यात राहायचा हिशेब त्या उत्तरावर करा.

नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, कोणत्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. पत्र जीमेलवरून आलं असेल, तर कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करा. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर मुदत आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम वाचल्याशिवाय सही करू नका, सही केलेल्या बाँडची प्रत लगेच मागून घ्या. मूळ गुणपत्रिका फक्त दाखवायच्या आणि त्याच बैठकीत परत घ्यायच्या. कंपनीकडे ठेवायला द्यायच्या त्या सही केलेल्या झेरॉक्स.