हाताने शिवलेलं पहिलं चामडी पाकीट: पुठ्ठ्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

पाचशेची नोट १५० मिमी लांब आणि ६६ मिमी रुंद असते. बँकेचं कार्ड ८५.६ बाय ५४ मिमी. पाकीट शिवायचं मनात आलं की आधी हे आकडे वहीत लिहून घ्या. चामडं, अवजारं, दोरा हे सगळं नंतर. दोनशे आणि शंभरच्या नोटा पाचशेपेक्षा लांबीला कमी आहेत, त्यामुळे पाचशेची मावली की बाकीच्या मावतात.

माझं पहिलं पाकीट याच आकड्यांवर अडलं होतं. बाबांसाठी शिवत होते. कार्ड ८६ मिमीचं, म्हणून खिसाही आतून बरोबर ८६ चा ठेवला. तीन संध्याकाळी बसून शिवलं आणि कार्ड आत जाईना. कार्डाला जाडी असते, चामड्यालाही असते, आणि खिसा त्या जाडीला वळसा घालून जातो. तेवढी ढील द्यावीच लागते. सगळे टाके उसवावे लागले. तेव्हापासून मी कार्डाच्या खिशाला आतून ९२ मिमी ठेवते.

आधी पुठ्ठा

नवीन शर्टाच्या घडीत जो पातळ पुठ्ठा येतो, तो नमुना कापायला उत्तम. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागदही चालतो. पहिल्या पाकिटाला एवढे पाच तुकडे पुरतात:

बाहेरचा तुकडा, एक: २२५ × ९२ मिमी
आतल्या भिंती, दोन: प्रत्येकी १०० × ८२ मिमी
कार्डाचे खिसे, दोन: प्रत्येकी १०० × ४८ मिमी

बाहेरचा तुकडा मधोमध दुमडतो. त्याच्या डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक भिंत बसते आणि प्रत्येक भिंतीवर एकेक खिसा. मध्ये २५ मिमीची मोकळी पट्टी राहते, तिथे घडी पडते. भिंत आणि बाहेरचा तुकडा यांच्यामध्ये नोटा राहतात. आत एकच अखंड अस्तर घातलं तर पाकीट मिटताना ते गोळा होतं, कारण घडीच्या आतल्या बाजूला कापड असो की चामडं, थोडं कमी लागतं. दोन वेगळ्या भिंती केल्या की हा प्रश्नच येत नाही.

पुठ्ठ्याचे तुकडे स्टेपलरने जोडा, खऱ्या नोटा आणि खरी कार्डं घाला. दोन दिवस हेच पाकीट म्हणून वापरा. पँटच्या मागच्या खिशात जातं का, लोकलमध्ये बसल्यावर टोचतं का, पास पटकन निघतो का, हे पुठ्ठ्यावरच कळलेलं बरं. बदल करायचे ते इथेच करा.

चामडं आणायला धारावी

मुंबईत राहणाऱ्याला याबाबतीत दूर जावं लागत नाही. शीव किंवा माहीम स्टेशनला उतरायचं. शीव-वांद्रे लिंक रोडला चामड्याच्या वस्तूंची दुकानं आहेत आणि कच्चं चामडं विकणारे आतल्या गल्ल्यांत भेटतात. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका असं मी सांगेन. चार ठिकाणी हात लावून बघा, वास घ्या, विचारा. एकच पाकीट शिवायचंय म्हणून कोणी हसत नाही. उलट बहुतेक जण मागची थप्पी काढून दाखवतात.

चामडं चौरस फुटावर विकतात. आपल्या पाच तुकड्यांचं क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस फूट भरतं, पण डाग, सुरकुत्या आणि चुका धरून दीड ते दोन फूट घ्या. अख्खं कातडं घ्यायचं नसेल तर किलोवर मिळणारी कात्रणं चाळा. बॅगांच्या कामातून उरलेले मोठे तुकडे त्यात सापडतात आणि सरावाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

दुकानात दोन शब्द कानावर पडतील: क्रोम आणि व्हेज टॅन. क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं. ते मऊ असतं, हवे ते रंग मिळतात, पण त्याची कड घासून चकाकत नाही, तिला वरून रंग चढवावा लागतो. व्हेज टॅन म्हणजे झाडांच्या साली आणि फळं यांतल्या तुरट द्रव्याने कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. ते थोडं ताठ असतं, सरळ कापलं जातं, कड घासली की काचेसारखी होते आणि हाताळून हाताळून रंग गडद होत जातो. पहिल्या पाकिटाला व्हेज टॅनच घ्या. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. रंगवलेल्या क्रोमच्या कडेत मध्ये अनेकदा निळसर राखाडी रेघ दिसते. व्हेज टॅनची कड आतपर्यंत तपकिरी किंवा पिवळसर असते. आणि कडेला तंतूच नसून मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन, मग वर कोणताही शिक्का असो.

जाडी मिलिमीटरमध्ये मागा. बाहेरच्या तुकड्याला १.२, आतल्यांना ०.८ ते १. कडेला तीन थर एकावर एक येतात, त्यामुळे सगळंच जाड घेतलं तर पाकीट विटेसारखं होतं. शेवटची गोष्ट, चामडं दोन्ही हातांनी ताणून बघा. जनावराच्या पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. खिशाचं तोंड पोटाच्या भागातून कापलं तर दोन महिन्यांत ते ढिलं पडतं आणि कार्डं घसरतात.

अवजारं

स्टीलची पट्टी, कटर आणि नवी पाती, कापायची मॅट, ४ मिमी अंतराचा दातेरी पंच, नायलॉनचा हातोडा, बोथट टोकाच्या दोन सुया, ०.६ मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिशपेपर, रबर सोल्यूशनची लहान डबी. पट्टी, हातोडा, पॉलिशपेपर मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला मिळून जातील. टाक्याची रेघ आखायला शाळेच्या कंपासपेटीतलं दोन टोकदार पायांचं कर्कटक घ्या, त्यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. रापीची, म्हणजे चामडं तासायच्या पात्याची, गरज या पाकिटाला नाही. पुढे जाड कड तासून पातळ करायची वेळ आली की घ्या, आणि ती चालवायला एखाद्या जाणत्या चर्मकाराकडून समोर बसून शिका.

कापणं आणि आधीच घासायच्या कडा

पुठ्ठा चामड्यावर ठेवून आरीच्या (चामड्याला भोक पाडायच्या टोच्याच्या) किंवा कर्कटकाच्या टोकाने हलकी रेघ मारा. पट्टी घट्ट दाबा, कटर उभं धरा आणि एका दमात कापायला जाऊ नका. तीन हलके हात फिरवा. जोर लावला की चामडं पातीपुढे सरकतं आणि रेघ वाकडी होते.

आता थांबा. खिशांच्या वरच्या कडा, भिंतींच्या वरच्या कडा आणि भिंतींच्या घडीकडच्या कडा नंतर हाताला नीट लागणार नाहीत. त्यांपैकी वरच्या कडा आत्ताच पूर्ण करा. आधी ४००, मग ८०० चा पॉलिशपेपर, मग बोट ओलं करून कडेवरून फिरवा आणि जाड मांजरपाटाच्या किंवा जुन्या जीन्सच्या तुकड्याने ती गरम होईपर्यंत घासा. एक-दोन मिनिटांत कड गडद होते, तंतू बसतात आणि चमक येते. नुसत्या पाण्याऐवजी भिजवलेल्या गोंद कतिऱ्याचा पातळ लेप लावला तर चमक जास्त टिकते. घडीकडची कड खिसा शिवल्यावर लगेच करायची आहे.

चिकटवणं आणि भोकं

खिसा भिंतीवर ठेवा, खालच्या कडा जुळवा. दोन्ही बाजूंना कडेला फक्त ३ मिमी रुंद सोल्यूशन लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून जोडा. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, आणि गॅसजवळ हे काम करू नका, वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते.

कर्कटक ४ मिमीवर उघडा, एक पाय कडेला टेकवून दुसऱ्याने रेघ ओढा. त्या रेघेवर पंचाचे दात ठेवून भोकं पाडा, आत्ता फक्त घडीकडच्या बाजूला. पुढे सरकताना पंचाचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. खाली लाकडी पाट घ्या. ओट्याच्या कडप्प्यावर पंच मारला तर दात बोथट होतात.

आवाजाचं सांगायला हवं. चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये ठोकाठोकी खालच्या घरात आपल्यापेक्षा जास्त ऐकू जाते. मी पाटाखाली चौघडी केलेली सतरंजी घालते, भिंतीच्या कोपऱ्यात बसते आणि रविवारी दुपारी दोन ते चार हातोडा उचलत नाही. त्या त्या टप्प्याची सगळी भोकं एकदाच पाडून घ्या. शिवण्याला मग काहीच आवाज नसतो, ते रात्री अकरालाही चालतं.

दोन सुयांचा टाका

हाताने शिवलेल्या पाकिटाचं सगळं बळ इथे आहे. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या मध्ये एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सुटायला लागतात. दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून उलटसुलट जातात, त्यामुळे एकीकडचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. स्टेशनबाहेर चपला शिवणारे काका आकडा असलेल्या आरीने खालचा दोरा फास करून वर ओढतात आणि त्यातून दुसरं टोक ओवतात. तो टाका वेगळा, पण त्यांचा हात बघा. प्रत्येक वेळी ओढ सारखीच. आपल्याला तीच शिकायची आहे.

शिवणीच्या लांबीच्या चौपट आणि वर एक वीत दोरा घ्या. बाजू आणि खालची कड मिळून सुमारे १८ सेमी होतात, म्हणजे साधारण ९० सेमी. दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. काम गुडघ्यांमध्ये दोन लाकडी पट्ट्यांत धरलं की दोन्ही हात मोकळे राहतात.

पहिल्या भोकातून एक सुई घालून दोरा दोन्हीकडे सारखा करा. दुसऱ्या भोकात आधी डावी सुई, ती उजवीकडे ओढून घ्या. मग त्याच भोकात उजवी सुई, पण घालताना आधीचा दोरा किंचित मागे खेचा, म्हणजे सुई दोऱ्यातून आरपार जाणार नाही. दोऱ्यातून गेली तर टाका पुढे ओढलाच जात नाही आणि सोडवताना मेण निघून दोरा पिंजतो. मग दोन्ही हात बाजूला, सारख्या जोराने. चामडं दबलं की थांबा, कड चुरगळेपर्यंत ओढू नका. पुढचं भोक, पुन्हा डावी आधी. कुठल्या बाजूने सुरुवात करता याला महत्त्व नाही, पण क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच. मध्ये फोन आला आणि क्रम उलटला तर ते दोन टाके वेगळ्या कोनात बसतात आणि कायम दिसतात.

आधी प्रत्येक भिंतीवर खिशाची फक्त घडीकडची बाजू शिवा आणि ती कड घासून पूर्ण करा. मग भिंत बाहेरच्या तुकड्यावर चिकटवा, पण फक्त बाहेरच्या बाजूला आणि खाली. वर आणि घडीकडे चिकटवलं तर नोटांना जागाच उरणार नाही. तिन्ही थरांतून भोकं पाडताना पहिलं भोक भिंतीच्या वरच्या कडेच्या जरा वर, फक्त बाहेरच्या तुकड्यात पाडा. तिथे दोरा भिंतीच्या कडेवरून दोनदा घ्या, कारण नोटा काढताना सगळा ताण त्याच जागेवर येतो. शेवटी तीन टाके उलटे मागे जा, दोरा २ मिमी ठेवून कापा आणि लायटरची ज्योत क्षणभर दाखवून वितळलेलं टोक दाबून टाका.

उरलेल्या कडा आता घासा. तीन थर वेगळे दिसेनासे झाले की झालं. याला अर्धा तास लागतो आणि तो वाचवू नका.

वापरात आणि पावसाळ्यात

खिसे सुरुवातीला घट्ट वाटतील. प्रत्येकात दोन कार्डं घालून रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा.

पावसाळ्यात बंद कपाटात चामड्याला बुरशी धरते. पाकीट आणि उरलेलं चामडं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलमध्ये गुंडाळा आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली काढा. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने पुसून हवा लागू द्या. भिजलेलं पाकीट रिकामं करून उघडं उभं ठेवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर नको, चामडं कडक होऊन तडकतं. खोबरेल तेल चोपडू नका, डाग पडतात. मधमाशीचं मेण बोटाने पातळ चोळून फडक्याने पुसलं की पुरतं.

बाबांचं पाकीट, दुसऱ्यांदा शिवलेलं, दोन पावसाळे काढून आता कडक चहाच्या रंगाचं झालंय. डाव्या कोपऱ्यात एका ठिकाणी सुई दोऱ्यातून गेली होती, तिथे दोरा थोडा पिंजलेला दिसतो. परवा ते पास काढत असताना मी मुद्दाम नखाने ओढून बघितला. टाका हलला नाही.