सफरचंदावर डाग दिसला की लगेच 'स्कॅब' म्हणू नका

परवा बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडनं व्हॉट्सअॅपवर फोटो आला. सफरचंदावर तपकिरी डाग, खाली एक ओळ: "सर, स्कॅबच आहे ना? औषध सांगा." फळाची एकच बाजू दिसत होती, तीही सावलीत काढलेली. हिमाचलच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत येणारी जात आपल्या भागात हौसेनं लागली, तेव्हापासून उन्हाळा संपत आला की माझा फोन असाच वाजतो.

लोक हिमाचल-काश्मीरचे व्हिडिओ बघतात आणि तिथला रोग इथं शोधतात. स्कॅब म्हणजे फळा-पानांवर खपलीसारखे डाग पाडणारा रोग. त्याची बुरशी, व्हेंच्युरिया इनइक्वॅलिस, गारव्यातली. ती गळलेल्या पानांत थंडी काढते आणि वसंतात बीजाणू सोडते. १७ ते २४ अंशांत पान नऊएक तास सलग ओलं राहिलं तर लागण होते. काश्मिरात तिची नोंद १९३५ची, हिमाचलात १९७७ची. अथणी-रायबागच्या एप्रिल-मेच्या उन्हात पहिला संशय तिच्यावर घ्यायचं कारणच नाही.

अथणीकडच्या एका मामांची गोष्ट सांगतो. द्राक्षात आयुष्य गेलेलं, हात बोर्डोला, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या तांबंयुक्त फवाऱ्याला, सरावलेला. सफरचंदाची तीसेक झाडं हौसेनं लावली. फळं सुपारीएवढी झाली आणि मामांनी सवयीनं एक टक्का बोर्डो मारलं. काही दिवसांनी सालीवर खरखरीत तपकिरी जाळी उठली. "स्कॅब आला," म्हणून परत तांबं. जाळी वाढली, तेव्हा मला बोलावलं. नखानं खरवडून बघितलं: नुसती बुचासारखी साल, खाली गर पांढराशुभ्र. भिंगातून ना बुरशी दिसली ना काळे ठिपके, पानंही स्वच्छ. कोवळ्या फळाची साल तांब्यानं भाजते, त्याला रसेटिंग म्हणतात. दुखणं औषधातच होतं. मामा म्हणाले, "म्हणजे दुसरी फवारणी मी रोग वाढवायलाच केली म्हणा की!" मी चहा पीत राहिलो.

उन्हाचा चट्टाही असाच फसवतो. तो पश्चिमेकडच्या, उघड्या फळांवर, सूर्याकडच्या बाजूलाच पडतो. झाडाभोवती एक फेरी मारली की कळतं, पण फेरी कोण मारतो! पुढं त्या मेलेल्या सालीवर अल्टरनेरिया नावाची बुरशी बसते आणि लोक तिलाच गुन्हेगार धरतात.

दुसरी चूक तपासणीला पाठवायच्या नमुन्याची. कुजलेल्या फळाच्या मधोमधचा लगदा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि बसच्या टपावर टाकायचा. एकदा मीही एक नमुना असाच घाईत पाठवला होता. पोचेपर्यंत रायझोपस या कुजक्या फळावरच्या बुरशीनं पिशवी कापसासारखी भरली होती, खालचा मूळ रोग गडप. मेलेल्या भागावर नंतर आलेले पाहुणेच जास्त असतात. खरी बुरशी सापडते ती डागाच्या कडेला, जिथं निरोगी आणि रोगट भाग भेटतो. आता मी चार-पाच फळं वेगवेगळ्या कागदात गुंडाळतो आणि शेवटची फवारणी कधी नि कशाची तेही लिहितो. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात न्यायचं असेल तरी असंच न्या. आणि नमुना फवारणीच्या आधी काढा.

घरी काय करावं? फळ डागाच्या मधून उभं कापा. कूज इंग्रजी 'व्ही'सारखी निमुळती होत बियांकडं गेली असेल तर कडू कुजीचा, म्हणजे बिटर रॉटचा, संशय घ्या. ती बुरशी कोलेटोट्रायकम, संकेश्वरी मिरचीवर करपा आणते त्याच कुळातली. उष्ण, दमट हवा तिला मानवते. दुसरं फळ न कापता, ओला कागद घातलेल्या डब्यात दोन-तीन दिवस झाकून ठेवा. डागावर वर्तुळात गुलाबीसर चिकट थेंब आले तर संशय पक्का. काळे पुळीसारखे ठिपके आले तर काळ्या कुजीचा विचार करा. काहीच उगवलं नाही तर ऊन किंवा कॅल्शियमची कमतरता बघा; कॅल्शियमचे खड्डे बहुधा देठाच्या विरुद्ध टोकाला असतात. दोन दिवस थांबायचं म्हटलं की नव्या मंडळींच्या अंगावर काटा येतो, तीन औषधं एका पंपात कालवायला मात्र पाच मिनिटं पुरतात.

बाकी चुका थोडक्यात. फवारणीचा पांढरा थर म्हणजे भुरी नव्हे. भुरी कोवळ्या शेंड्यावर येते, पानं अरुंद होऊन वळतात. माव्याच्या चिकट्यावरची काजळी ओल्या फडक्यानं निघते, तिच्यासाठी बुरशीनाशक कशाला? निळी-हिरवी बुरशी साठवणीतल्या, खरचटलेल्या फळावरची. ती बघून झाडावर फवारू नका. आणि दहापटीचं भिंग घ्या, फवारणीपेक्षा स्वस्त पडतं.

चिकोडीच्या त्या पोराला डबा करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोटो आला: गुलाबी थेंब, वर्तुळात. फोटो तेवढा परत सावलीतच काढला होता.